एका टेंगळाचे तीन जबाब

दोरीवर उशीचा अभ्रा वाळत होता. एकच. बाकी दोरी रिकामी.

०

"झाड अचानक बसच्या समोर आलं," असं एका ड्रायव्हरने लिहून दिलं होतं. खाली सही. सहीखाली तारीख.

०

दुधाचा ग्लास काठोकाठ भरलेला. वर सायीचा पापुद्रा.

०

नऊ वर्षांच्या मुलीने टीव्ही स्वतःच्या हाताने बंद केला. कोणी सांगितलेलं नसताना.

०

"आई, माझे बूट कुठायत?"
बूट पायात होते.

०

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. पण ज्याने चोरी केली नाही आणि तरीही ज्याच्या मनात लख्ख चांदणं पडलंय, त्याने काय करावं, याबद्दल म्हण तोंडात मिठाची गुळणी धरून बसते.

०

असे तुकडे एका दोऱ्यात ओवणं हे जिचं रोजचं काम, तिच्याच घरात ते त्या गुरुवारी सांडले.

ती बस डेपोत अपघातांचे जबाब घ्यायच्या कामावर होती. डेपोच्या मागच्या अंगाला, टायरच्या थप्पीशेजारी एक खोली, खोलीत एक टेबल आणि दोन खुर्च्या. आरसा फुटला, बंपर चेपला, पायरीवरून उतरताना कोणाचा पाय मुरगळला, की ड्रायव्हर, कंडक्टर आणि बघे एकेक करून त्या खोलीत यायचे आणि समोरच्या खुर्चीत बसायचे. त्या खुर्चीचा एक पाय आखूड होता. चौदा वर्षांत तिने तो दुरुस्त करून घेतला नव्हता. डुगडुगणारा माणूस लवकर बोलतो, हा तिचा अनुभव. समोरून सगळे तिला मॅडम म्हणायचे, पाठीमागे जबाबबाई.

जबाबबाईंची पद्धत साधी होती. एकदा विचारायचं. मग पाणी द्यायचं, इकडचं तिकडचं बोलायचं आणि दुसऱ्यांदा विचारायचं. मग "या तुम्ही" म्हणायचं, आणि माणूस दारात पोचला की पाठमोऱ्यालाच तिसऱ्यांदा विचारायचं. दारात पोचलेला माणूस मनाने अर्धा घरी गेलेला असतो. जीभ तेवढी मागे राहते. तिन्ही वेळा उत्तर जुळलं तर खरं. बदललं तर खोटं. या नियमाने तिला फार क्वचित दगा दिला होता, आणि दिला तेव्हा तिने तो दगा मोजला नव्हता.

नवराही तिला त्या खुर्चीतच भेटला. ड्रायव्हर. त्याने डेपोच्याच फाटकाला बस ठोकली होती. तिने तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा तो म्हणाला, "माझी चूक." असला प्राणी तिने पाहिलाच नव्हता. तो लग्नानंतर मित्रांना सांगायचा, "जबाब द्यायला गेलो आणि जन्मठेप झाली."

तर गुरुवार. नवरा लांबच्या फेरीवर, दुसऱ्या दिवशी सकाळी येणार. मुलगी शाळेतून नेहमीसारखी आत्याकडे. मुलीला सगळे खारू म्हणत, कारण कपाट, फाटक, माळा, खांब, चढता येण्यासारखं काहीही तिने सोडलं नव्हतं. आत्या म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. चाळिशी आली तरी घरात ती बेबीच. बेबी घरी शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत शिलाई मशीन आणि कापड बेतायचं उंच टेबल. त्या टेबलावरून गादीवर उडी मारायला बेबी खारूला गुपचूप परवानगी देते, हे वहिनीला ठाऊक होतं. फक्त ते सिद्ध झालेलं नव्हतं.

सहा वाजता ती बेबीच्या दारात पोचली तेव्हा घरात मशीनचा आवाज नव्हता. ही पहिली गोष्ट. अंगणातल्या दोरीवर अभ्रा होता. ही दुसरी.

"झोपलीय गं," बेबी म्हणाली. "आल्यापासून झोपलीय. दमली असेल."

"खारू? दमली?"

"मुलं दमत नाहीत का? तुझी मुलगी काय बॅटरीवर चालते?"

"आज अभ्रा कसा धुतलास?"

बेबीच्या तोंडात टाचण्या होत्या. शिवणाऱ्या बायका टाचण्या ओठांत धरतात ते ठीक. पण मशीन बंद असताना? तिने टाचण्या एकेक करून काढल्या आणि टाचण्यांच्या छोट्या उशीत खोचल्या. एवढ्या वेळात माणसाला चांगली तीन उत्तरं सुचतात.

"मळला होता."

मनात पाल चुकचुकली. जबाबबाईंच्या मनात तशी पालींची वसाहतच होती, पण ही जरा मोठ्याने चुकचुकली.

खारूला उठवलं. ती उठली, बसली, भिंतीकडे बघत राहिली. केसांतून हात फिरवताना आईच्या बोटांना डोक्याच्या मागच्या बाजूला, उजवीकडे, लिंबाएवढं टेंगूळ लागलं.

"हे काय?"

खारूने तिकडे हात नेला आणि जणू दुसऱ्याच कोणाचं डोकं असावं तसं चाचपलं. बेबी म्हणाली, "अगंबाई!" हे "अगंबाई" एका श्वासाने उशिरा आलं, असं वहिनीला वाटलं. चौदा वर्षं ती असेच श्वास मोजत आली होती.

०

पहिला जबाब. सहा वाजून पाच मिनिटं. रस्ता.

"कुठे पडलीस?"

"जिन्यात."

"कुठल्या जिन्यात?"

"शाळेच्या."

"कोणी ढकललं?"

"नाही."

"मग टीचरांना सांगितलंस?"

खारू थांबली. रस्त्यावरचे दिवे नुकते लागले होते. तिने डोळे बारीक केले आणि आईच्या ओढणीत तोंड लपवलं.

"हे दिवे कमी करायला सांग ना."

आईने बॅगेतून वही काढली. वही कायम बरोबर असायची, निळ्या पुठ्ठ्याची. चालता चालताच लिहिलं: *६.०५. शाळेचा जिना. टीचरचं विचारल्यावर विषय बदलला: दिवे कमी करा म्हणे.*

०

दुसरा जबाब. पावणेसात. घर.

दूध दिलं. खारूने ते बघितलं, प्यायलं नाही. टीव्ही लावून दिला; आवाज मोठा नव्हता, तरी खारू उठली, चालत गेली, चालताना कपाटाला खांदा घासला, आणि तिने टीव्ही बंद केला. आईने लिहिलं: *६.४०. टीव्ही नको. कपाटाला घासली. उद्या गणिताची चाचणी आहे. आजारपणाची तयारी?*

खरं सांगायचं तर हे लिहिताना तिला थोडं बरं वाटलं. नाटक असेल तर टेंगूळ लहान होतं. मुलगी सोंग करतेय ही शंका आईला कधी कधी उशीसारखी मऊ लागते.

"दूध का नाही पीत?"

"मळमळतंय."

"बरं. तू पडलीस ते कुठे म्हणालीस?"

"आत्याकडे."

वहीवरचा हात थांबला.

"मघाशी शाळेचा जिना म्हणालीस."

"हो?"

"टेबलावरून उडी मारलीस?"

"हो."

"आत्या तेव्हा कुठे होती?"

"होती."

"आत्याने सांगितलं का, आईला सांगू नकोस म्हणून?"

खारूच्या कपाळावर आठ्या पडल्या. ती खूप लांबून काहीतरी उचलून आणत असावी तशी दिसत होती. मग म्हणाली, "हो. आई, माझे बूट कुठायत?"

"पायात आहेत, खारू."

"अच्छा."

सापडलं. पाणी कुठे मुरत होतं ते सापडलं. आईने फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. नाही, बेबीला आताच विचारलं तर ती सावध होईल. आधी मुलीचा जबाब पक्का करायचा. साक्षीदार पक्का झाल्याशिवाय आरोपीला बोलवायचं नाही, हा डेपोतला दुसरा नियम.

तिने वहीत दोन रकाने आखले. एका रकान्यात जिना, दुसऱ्यात टेबल. कुठल्या रकान्यात काय काय बसतं ते ती मांडत गेली. अभ्रा टेबलाच्या रकान्यात चपखल बसला: रक्त आलं असणार, पुसलं असणार, धुतलं असणार. बंद मशीन, उशिराचं अगंबाई, सगळं टेबलाखाली. मांडता मांडता तिला तो जुना, ओळखीचा हुरूप चढला. घड्याळात सात वाजून गेले. खारू सोफ्यावर आडवी झाली होती, एक हात डोळ्यांवर.

"आई, माझे बूट कुठायत?"

"खारू, पुरे झाली मस्करी."

*७.०५. बुटांचा प्रश्न दुसऱ्यांदा. मुद्दाम.*

०

तिसरा जबाब. सात वीस. बाथरूमचं दार.

उलटी झाली. कशीबशी बेसिनपर्यंत पोचली. आईने पाठ चोळली, तोंड धुतलं, आणि खारू दारातून बाहेर पडताना, पाठमोरी असताना, सवयीने, इतक्या वर्षांच्या सवयीने, तिच्या तोंडून गेलं:

"खारू, पडलीस कुठे?"

खारू वळली. चेहऱ्यावर भीती नव्हती, लबाडी नव्हती, काहीच नव्हतं.

"कोण पडलं?"

पेन बेसिनच्या कडेवर राहिलं.

०

दवाखान्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही. असतो तसा: तातडीच्या विभागात पांढरे दिवे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीतल्या माणसाला आपलाच रुग्ण सगळ्यांत गंभीर वाटत असलेला. टॅक्सीवाल्याने मुलीचा चेहरा पाहून दोन सिग्नल तोडले होते. जबाबबाईंनी त्याची नोंद केली नव्हती.

डॉक्टर तरुण होती, पायात रंगीबेरंगी मोजे. तिने आधी खारूच्या डोळ्यांवर टॉर्च मारला, एकात, मग दुसऱ्यात. कानात बघितलं, नाकातून पाणी येतंय का बघितलं, कानांच्या मागची कातडी बघितली. हात घट्ट दाबायला सांगितले. एका रेषेवरून चालायला सांगितलं; खारू चालली, पण ती रेष फक्त तिलाच वाकडी दिसत असावी.

"आज वार कुठला?"

खारू विचार करत राहिली. उत्तर आलं, पण एवढ्या उशिरा की मधल्या वेळात डॉक्टरने हातमोजे बदलले.

"गुरुवार."

"शाब्बास. दुपारी डब्यात काय होतं?"

खारूने आईकडे बघितलं. डोळ्यांत पाणी. "मला माहीत नाही."

"नसू दे," डॉक्टर म्हणाली. "मलाही माझं आठवत नाही." मग आईकडे वळून: "शुद्ध हरपली होती का?"

"ते मी बघितलं नाही. मला ती सहाला मिळाली. ती खोटं… म्हणजे ती दर वेळी वेगळं सांगतेय. हे बघा." आणि तिने वही पुढे केली.

डॉक्टरने वही वाचली. पान उलटलं. परत मागे आली.

"हे छान लिहिलंय," ती म्हणाली. "वेळा घातल्यात. लोक असं लिहून आणत नाहीत." तिने एका ओळीवर बोट ठेवलं. "दिव्यांचा त्रास. टीव्हीचा आवाज नको. चालताना तोल. तेच तेच विचारणं. मळमळ. तुम्ही याला जबाब म्हणता?"

"मग काय म्हणू?"

"ही लक्षणं आहेत. ओळीने, वेळेसकट. डोक्याला मार लागला की मेंदूला हादरा बसतो. वरून खरचटलेलंही नसतं कधी कधी. पण तो मधला तुकडा मेंदू साठवतच नाही. ती जागा रिकामी. आणि तुम्ही तिला त्या रिकाम्या जागेबद्दल विचारत होतात."

"पण तिने उत्तरं दिली. जिना म्हणाली. टेबल म्हणाली."

"टेबल आधी कोण म्हणालं? ती की तुम्ही?"

जबाबबाईंनी वही घेतली आणि वाचली. अक्षर त्यांचंच होतं. *टेबलावरून उडी मारलीस?* त्यापुढे: *हो.* पुढचा प्रश्नही त्यांचा. पुढचं *हो* ही. साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचा नाही, हे डेपोत नवीन लागलेल्या कारकुनाला पहिल्या दिवशी त्यांनीच शिकवलं होतं.

"लहान मुलं आईला नाराज करत नाहीत," डॉक्टर म्हणाली. "विचारलं की काहीतरी देतात. बरं, उलटी एकदाच झाली?"

"एकदाच."

"नक्की? हे महत्त्वाचं आहे. एकदाच असेल तर चार तास इथे ठेवून लक्ष देऊ. उगाच स्कॅन करायला मला आवडत नाही, लहान डोकं आहे. पण तीनदा झाली असेल, आणि हे विसरणं, ही गुंगी, तर मी थांबणार नाही. आत रक्त साचत असेल तर ते बाहेरून कळत नाही. सहाच्या आधीचं कोणाला माहीत आहे?"

दोरीवरचा अभ्रा आता टेबलाच्या रकान्यात बसेना. तो उठून तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

"तिच्या आत्याला," ती म्हणाली.

०

मध्ये एक गोष्ट घडली.

फोन करायला ती पॅसेजमध्ये आली तर तिथे सिस्टर उभी होती, हातात फळी, फळीवर कागद. वय पन्नाशीच्या पुढे, चष्मा नाकावर. आवाज गोड.

"बसा ना ताई. दोन मिनिटं. मुलीला कसं लागलं?"

"माहीत नाही."

"बरं. घरात कोण कोण असतं?"

सांगितलं.

"पाणी हवंय? नको? बरं. तुम्ही तिला किती वाजता घेतलंत?"

"सहाला."

"आणि इथे आलात पावणेआठला. घर लांब आहे का?"

"वीस मिनिटं."

"मग मधले दीड तास?"

"मी… विचारत होते."

"कोणाला?"

"तिलाच."

सिस्टरचं पेन चाललं. ती वर बघत नव्हती. न बघता लिहिणं म्हणजे काय असतं हे जगात कोणाला ठाऊक असेल तर ते या समोरच्या बाईला.

"तिला घरात कोणी मारतं का?"

"नाही!"

"रागावता?"

"सगळेच रागावतात."

"हो, हो, मी पण," सिस्टर हसली. "या तुम्ही. फोन करायचाय ना?"

ती उठली. चार पावलं गेली. आणि तिच्या पाठीला ते आधीच कळलं. मानेवरचे केस उभे राहिले, ती थांबली, येणार, आता येणार.

"ताई, मघाशी तुम्ही काय म्हणालात, कुठे पडली ती?"

ती वळली. चौदा वर्षांत किती माणसं अशी वळली असतील, हे तिच्या कुठल्याच वहीत नव्हतं.

"मी म्हणाले, माहीत नाही," ती म्हणाली. आवाज कापला. खऱ्या माणसाचा आवाजही कापतो तर.

सिस्टरने मान हलवली आणि तेही लिहिलं.

०

फोन तीनदा वाजला, मग बेबीने घेतला.

"वहिनी? काय झालं?"

"बेबी, खारूला तुझ्याकडे उलटी झाली का?"

मागे मशीन चालू होतं, ते थांबलं.

"नाही गं. का?"

खोटं. स्वच्छ, धुऊन दोरीवर वाळत घातलेलं खोटं. जबाबबाईंची जीभ वळवळली. पुढचे चार प्रश्न ओठांवर रांग लावून उभे होते: मग अभ्रा? मग मशीन? मग टाचण्या? बेबीला पाच मिनिटांत कोपऱ्यात घेतलं असतं. पण पाच मिनिटं. आतल्या खोलीत रंगीबेरंगी मोज्यांची डॉक्टर घड्याळाकडे बघत होती, आणि कोपऱ्यात घेतलेला माणूस आधी भिंत शोधतो, खरं मग.

"बेबी, ऐक," ती म्हणाली. "मी विचारत नाहीये. मी सांगतेय. मी खारूला सहाला घरी नेलं. तिला टेंगूळ होतं, मळमळत होतं, तीच तीच गोष्ट विचारत होती. आणि मी दीड तास वही घेऊन बसले. तुला पकडायला. डॉक्टरकडे नेलं नाही. आम्ही दवाखान्यात आहोत. हा माझा जबाब. आता तू बोल, नाहीतर नको बोलूस, पण डॉक्टरला उलट्यांचा आकडा हवाय."

पलीकडे बेबी रडायलाच लागली.

"दोनदा. आल्यावर खाल्लं तशी एकदा, मग झोपेत उशीवर. मला वाटलं, ती क्रीमची बिस्किटं दिली मी तिला, ती जुनी होती. वाटलं, पोट बिघडलं. टेंगूळ मला दिसलंच नाही गं, खरंच नाही दिसलं, तू हात लावलास तेव्हा कळलं."

"मग मला सांगायचं नाहीस?"

"कसं सांगू? कप फुटला होता तेव्हा आठवतंय? एक कप, वहिनी! तू मला तीनदा विचारलंस. दारात गाठून विचारलंस. मी स्वतःच्या घरात जाताना घाबरले त्या दिवशी. तुझ्यापुढे खरं बोलायलाही माणसाला साक्षीदार आणावा लागतो."

वहिनीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणखी काही?"

"बूट," बेबी नाक ओढत म्हणाली. "चार-पाच वेळा विचारलं तिने, माझे बूट कुठायत. मी म्हटलं चेष्टा करतेय."

"मीही तेच म्हटलं," वहिनी म्हणाली, आणि आत पळाली.

०

दोन आणि एक तीन. डॉक्टरने एवढंच ऐकलं आणि चाकाच्या पलंगाला स्वतः हात लावला.

स्कॅनच्या खोलीबाहेर एक बाक होता. तो डुगडुगत नव्हता. तरीही ती डुगडुगत होती.

आत रक्तस्राव नव्हता. हाड शाबूत. डॉक्टरने हे सांगितलं तेव्हा तिला आधी आनंद झाला नाही. आधी शंका आली. नीट बघितलं ना? पोरगेलीच तर आहे. पुन्हा विचारावं का? तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. डॉक्टरला ते दिसलं असावं.

"विचारा, विचारा," ती म्हणाली. "मी तिन्ही वेळा हेच सांगणार आहे."

मेंदूला हादरा, डॉक्टर म्हणाली. स्कॅनमध्ये तो दिसत नाही, कारण मोडलेलं काही नसतं. काम बिघडलेलं असतं. आजची रात्र इथेच ठेवू. झोपू दे तिला. झोपायचं नाही असं काही नसतं. आम्ही अधूनमधून उठवून बघू. वेदनेला पॅरासिटामॉल, दुसरं काही स्वतःच्या मनाने नको. घरी गेल्यावर दोन दिवस आराम, पडदे ओढून कोंडून ठेवायचं नाही, पण मोबाईल, टीव्ही नको. मग थोडं चालणं, थोडं वाचणं. डोकं दुखायला लागलं की एक पायरी मागे. शाळा आधी अर्धा दिवस. चढणं, उड्या, सायकल, खेळ यांतलं काही आम्ही तपासून हो म्हणेपर्यंत नाही. पहिला मार भरायच्या आत डोक्याला दुसरा बसला, तर ते फार वाईट.

"आणि पुन्हा उलट्या, डोकेदुखी वाढत जाणं, उठवून न उठणं, झटका, एका बाजूचा हात-पाय ढिला पडणं, बोलणं बरळल्यासारखं होणं, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणं: यातलं एक जरी दिसलं, तर वही काढायची नाही. टॅक्सी काढायची."

"आणि तिला ते आठवेल ना? पडली ते?"

"कदाचित. कदाचित कधीच नाही. तुम्ही विचारू नका मात्र. विचारलंत तर ती नवीन काहीतरी बनवून देईल, आणि पुढे तिलाच ते खरं वाटेल."

०

सकाळी नवरा बसच्या कपड्यांतच आला. खारू बसली होती आणि बिस्किट खात होती, बाबांना बघून म्हणाली, "बाबा, काल मी दवाखान्यात राहिले." जणू सहलीला गेली होती. पाठोपाठ बेबी आली, हातात उशी, उशीवर तो अभ्रा. दवाखान्यातली उशी कडक असते म्हणून. बेबीच वहिनीला म्हणाली, "इस्त्री करून आणलाय. बघ, हवं तर तपास."

"बेबी."

"मी चेष्टा केली."

"मला कळलं." मग उशी हातात घेत: "मीही करणार होते, पण सुचली नाही."

सिस्टर पुन्हा येऊन गेली. नवऱ्याला बाजूला घेऊन बोलली. त्याला तीन वेळा विचारलं असणार, कारण तो परत आला तेव्हा गालात हसत होता. "जुने दिवस आठवले," तो म्हणाला. बायकोला हसू आलं नाही. सिस्टर चुकली नव्हती. तिच्या जागी जबाबबाई असत्या तर त्यांनी चार वेळा विचारलं असतं. त्या कागदाचं पुढे काय झालं हे त्यांना कधी कळलं नाही. महिनाभर दाराची घंटा वाजली की जबाबबाई आधी खिडकीतून बघायच्या.

०

संशय असा एका रात्रीत जात नाही. तो घरातल्या मांजरासारखा; हाकललं तर खिडकीतून येतो.

पहिल्या आठवड्यात तिने बेबीच्या टेबलाची उंची मनातल्या मनात मोजली. नंतर एकदा शाळेसमोरून जाताना जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. वर्गटीचरला फोन केला. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे तशी काही नोंद नाही हो," आणि त्या "हो" मध्ये तिला फट दिसली. फटीत नख घालायचा मोह तिने कसाबसा आवरला. खारूला मात्र तिने विचारलं नाही. एकदाही नाही. याच्याइतकं अवघड काम तिने डेपोत कधी केलं नव्हतं.

खारू हळूहळू भरून येत होती. चौथ्या दिवशी तिने पूर्ण ग्लास दूध प्यायलं आणि वर मिशी ठेवली. सहाव्या दिवशी गोष्टीच्या पुस्तकाची दोन पानं वाचून कपाळ धरलं. एक पायरी मागे. आठव्या दिवशी चार पानं. दहाव्या दिवशी ती चिडून ओरडली, वस्तू फेकल्या, रडली, का ते सांगता येईना. डॉक्टरने फोनवर सांगितलं की हेही त्यातलंच, सोंग नव्हे. बाराव्या दिवशी कपाटाच्या पहिल्या कप्प्यावर तिचा पाय दिसला. बाप घरात होता. त्याने एवढ्या जोरात "खारू!" केलं की शेजारचे बाहेर आले.

डेपोतल्या खुर्चीखाली आता लाकडाची चकती आहे. ड्रायव्हर लोक म्हणाले, मॅडमचं काहीतरी बिनसलंय.

तिसऱ्या आठवड्यात अर्ध्या दिवसाची शाळा ठरली. आदल्या संध्याकाळी आई दप्तर भरत होती, आणि खारू तिच्या पाठीशी उभी राहून स्वतःच्या केसांत, टेंगूळ होतं तिथे, बोट फिरवत होती. तिथे आता काहीच नव्हतं.

"आई, मी कुठे पडले होते गं?"

जबाबबाईंकडे या प्रश्नाची पाच उत्तरं होती. प्रत्येकाला पुरावा होता, प्रत्येकात कोणीतरी अडकत होतं. त्यांनी दप्तराची चेन ओढली. ती मध्येच अडकली, पुन्हा ओढली.

"माहीत नाही, खारू."

"तुला पण नाही?"

"मला पण नाही."

खारूने मान डोलावली. हे उत्तर तिला पटलं असावं. ती पाणी प्यायला गेली.

०

त्या गुरुवारी दुपारी दोन वाजता, खेळाच्या तासाला, शाळेच्या मैदानावर दोन मुली एकाच चेंडूमागे धावल्या. एकीचं कपाळ खारूच्या डोक्यावर मागून, उजवीकडे आपटलं, दोघी खाली बसल्या, हसल्या, उठल्या, आणि कोणीच कोणाला काही विचारलं नाही.